नोट उजेडात धरून बघा: छोट्या ऑफिसचे पासवर्ड आणि कागद सांभाळण्याची माझी पद्धत

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ सालचा हा छापखाना. आमच्या जेल रोडच्या घरात नुसतं 'प्रेस' म्हटलं की तोच. बाबा कामाबद्दल घरी फारसं बोलत नसत, पण एक सवय त्यांनी आम्हा दोघा भावंडांना लावली: हातात आलेली नोट उजेडात धरायची, वॉटरमार्क बघायचा, धागा बघायचा आणि मगच खिशात घालायची. मी एकदा विचारलं होतं, या खुणा सगळ्यांना सांगून टाकल्या तर चोर तशाच नोटा छापणार नाहीत का? ते म्हणाले, "खूण माहीत असून भागत नाही, ती करता आली पाहिजे. आणि गिऱ्हाइकालाच खूण माहीत नसली तर खोटी नोट पकडणार कोण?"

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे मला पुढे कोणी समजावून सांगितलं तेव्हा हेच आठवलं. ज्याची बांधणी कोणालाही वाचता येते, तपासता येते, असं सॉफ्टवेअर. गुपित असते ती फक्त आपली किल्ली. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कुलूप कसं बनवलंय हे शत्रूला कळलं तरी ते उघडता कामा नये. बाबांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

कॅनडा कॉर्नरजवळ माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. मी आणि दोन सहकारी मुली. सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार आमच्याकडे येतात. त्यांचे आधार, पॅन, बँकेचे उतारे, सातबारे, रिटर्नचे पासवर्ड, सगळं आमच्या दोन कॉम्प्युटरवर. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रिटर्नची गर्दी असताना, एका मुलीने पीडीएफ जोडायचं फुकट सॉफ्टवेअर शोधलं आणि वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं. सॉफ्टवेअर चाललंसुद्धा, पीडीएफ जोडल्या गेल्या. पण त्याच्या पोटात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम होता. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले. चार दिवसांनी माझ्याच ईमेलवरून क्लायंटना पत्रं गेली की फी नव्या खात्यात भरा. मोहाडीकडच्या एका आजोबांनी १८,००० रुपये भरले. त्यांना ते पैसे मी दिले, पण "ताई, मेल तुमचाच होता ना?" हे त्यांचं वाक्य आजही कानात आहे. त्यांनी विश्वास ठेवला म्हणून त्यांचं नुकसान झालं.

तेव्हापासून जे शिकले आणि जे आज ऑफिसात रोज वापरते, ते खाली लिहिते आहे. तुम्ही शिकवणी चालवत असाल, मेडिकल दुकान सांभाळत असाल किंवा सोसायटीचे सेक्रेटरी असाल, तरी हे तुम्हाला चालेल. पैसे लागत नाहीत. दोन मोकळे रविवार लागतात.

आधी फाइल खरी आहे का ते बघा

बहुतेक लोक पासवर्ड मॅनेजरपासून (सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणारं सॉफ्टवेअर) सुरुवात करायला सांगतात. मी त्याच्या एक पायरी आधीपासून सांगते, कारण माझं घर तिथेच फुटलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कीपास या नावाजलेल्या पासवर्ड मॅनेजरची खोटी जाहिरात गुगलच्या शोधात वर दिसत होती. पत्ता हुबेहूब, फक्त पहिल्या के या अक्षराखाली एक बारीकशी खूण. स्क्रीनवरची धूळ वाटावी एवढीच. म्हणजे सुरक्षित व्हायला निघालेला माणूसच सापडावा, असा तो सापळा.

म्हणून पहिला नियम: सॉफ्टवेअर कधीही शोधातल्या जाहिरातीवरून घेऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा. मी वापरते तो पासवर्ड मॅनेजर म्हणजे कीपासएक्ससी. त्याचा पत्ता कीपासएक्ससी डॉट ऑर्ग. तिथे डाऊनलोडच्या पानावर फाइलबरोबर एक लांबलचक ओळ मिळते, तिला हॅश म्हणतात. शा-२५६ या पद्धतीचा हॅश ६४ अक्षरांचा असतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सगळा हॅश बदलतो. आता आपल्याकडे उतरलेल्या फाइलचा हॅश काढायचा आणि साइटवरच्या हॅशशी जुळवायचा.

विंडोजमध्ये याची सोय आधीपासून आहे. फाइल ज्या फोल्डरमध्ये उतरली तो उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत सर्टयुटिल लिहा, एक जागा सोडा, डॅश आणि त्याला चिकटून हॅशफाइल, पुन्हा जागा, फाइलचं पूर्ण नाव, पुन्हा जागा, आणि शेवटी शा२५६ (यात मध्ये डॅश नाही). एंटर. फाइलचं नाव टाइप करताना चुकतं, म्हणून पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, बाकीचं नाव आपोआप येतं. जो हॅश मिळेल तो आणि साइटवरचा, दोन्ही नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा. दोन्हींची अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी हवीत. लहान-मोठ्या लिपीचा फरक चालेल. आमच्या ऑफिसात एक मुलगी वाचते, दुसरी बघते, चेकबुकाचे नंबर तपासतात तसं.

पण साइटच कोणी ताब्यात घेतली तर? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटमध्ये घुसून डाऊनलोडची लिंक भेसळीच्या फाइलकडे वळवली गेली होती. अशा वेळी साइटवर लिहिलेला हॅशही चोर बदलू शकतो. त्यासाठी सही असते. सॉफ्टवेअर बनवणारे स्वतःच्या गुप्त किल्लीने फाइलवर सही करतात आणि त्यांच्या जाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. विंडोजवर यासाठी जीपीजीफोरविन नावाचा संच मिळतो, त्यातला क्लिओपात्रा हा प्रोग्राम उघडायचा, बनवणाऱ्यांची जाहीर किल्ली त्यात घ्यायची, फाइल आणि तिच्यासोबतची छोटी सहीची फाइल दाखवायची. किल्लीचा ठसा (तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) मात्र दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, जसं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या प्रकल्पाच्या पानावर, बघून जुळवा. पहिल्यांदा मला याला पाऊण तास लागला. एवढं जमणार नसेल तर निदान हॅश तरी बघाच. आणि फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब आहे का, त्यात कोणाचं नाव आहे, हे बघायला दहा सेकंद पुरतात.

ओपन सोर्स म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मी कोणालाही सांगत नाही. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. दोन वर्षं. वाचायची मुभा असणं वेगळं आणि कोणीतरी खरोखर वाचणं वेगळं. एक्सझेडची गोष्ट तर मला फारच लागली. फाइली दाबून लहान करणारं हे साधं साधन. लासे कोलिन हे ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. मदतीच्या नावाखाली 'जिया तान' असं नाव लावलेल्या कोणीतरी त्यांचा विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. तो चालू करणारा तुकडा जाहीर कोडमध्ये नव्हता, लोकांना वाटण्यासाठी बांधलेल्या तयार गठ्ठ्यात तेवढा मिसळला होता. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो त्यामागे लागला आणि सगळं बाहेर आलं. अर्धा सेकंद! हे बंद सॉफ्टवेअरमध्ये झालं असतं तर त्याला खोलात जाऊन बघताच आलं नसतं, म्हणून माझा कौल अजूनही उघड्या बांधणीलाच आहे. पण कोलिन यांच्यासारखी माणसं एकटी पडू नयेत, हीसुद्धा वापरणाऱ्यांची जबाबदारी आहे असं मी मानते. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा झाली की आम्ही वापरतो त्यातल्या दोन प्रकल्पांना ऑफिसच्या खर्चातून देणगी देतो. रक्कम मोठी नसते, पण खतावणीत तिचं स्वतंत्र खातं आहे.

पासवर्डची तिजोरी

कीपासएक्ससी सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, कोणाच्या सर्व्हरवर जात नाही. मी हा निवडला तो यासाठीच. ज्यांना घर, ऑफिस, फोन सगळीकडे आपोआप तेच पासवर्ड हवेत, त्यांनी बिटवॉर्डन बघावं. तेही ओपन सोर्स आहे.

उघडल्यावर नवा डेटाबेस करायचा, नाव द्यायचं, कूटबद्धतेच्या (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं करण्याच्या) सेटिंग्ज आहेत तशाच राहू द्यायच्या. मग येतो मुख्य पासवर्ड. सगळी तिजोरी या एकाच किल्लीवर आहे, म्हणून इथे वेळ घालवा. मुलांची नावं, गाडीचा नंबर, आवडत्या अभंगाची ओळ, यातलं काही नको. लोकांना आवडणाऱ्या ओळी चोरांच्या याद्यांमध्येही असतात. माणसाच्या मनातून येणारा शब्द ओळखीचाच असतो. शब्द फाशांनी निवडायचे.

या पद्धतीला डाइसवेअर म्हणतात; आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ती मांडली. ७,७७६ शब्दांची यादी असते, फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या आकड्याचा शब्द घ्यायचा. सहा पाचे ३० वेळा फासा टाकला की सहा शब्द होतात. पण यादी इंग्रजी. आमच्या मुलींना तिच्यातले निम्मे शब्द कधी ऐकलेलेही नव्हते, लक्षात कसे राहणार? म्हणून आम्ही आपली यादी केली. चार फाशांवर भागावी म्हणून १,२९६ शब्दांची, कारण सहाचा चौथा घात तेवढाच होतो. बाबांनी त्यात मन लावून मदत केली. विहीर, पाटा, कोयता, मांडव, शिंकाळं, घंगाळ, वेलदोडा, करंजा... तीन संध्याकाळी लागल्या. यादी लहान असल्याने सहाऐवजी सात शब्द घ्यायचे, म्हणजे ताकद जवळपास तेवढीच राहते. अडचण आली ती स्पेलिंगची. द्राक्ष इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं, शेवटी 'ए' लावायचा की नाही, यावर प्रत्येकाचं वेगळं. आम्ही ठरवलं की यादीत जे स्पेलिंग छापलं तेच कायम, आणि ज्या शब्दावर वाद झाला तो काढून टाकला. द्राक्ष गेलं. नाशिकच्या यादीत द्राक्ष नाही याची बाबांना हळहळ वाटली.

फासे सापशिडीच्या डब्यातले चालतात. आलेले शब्द आवडले नाहीत म्हणून बदलू नका, नाहीतर पुन्हा आपल्या मनाची निवड झाली. सात शब्दांची एक चित्रविचित्र गोष्ट मनात रचा आणि आठवडाभर रोज सकाळी टाइप करा. पहिला आठवडा कागद पाकिटात असू द्या. पाठ झाला की तो कागद बंद लिफाफ्यात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. हा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारं कोणी नाही, कीपासएक्ससी बनवणारेही नाहीत.

आता ब्राउझरमधले जुने पासवर्ड हलवायचे. ब्राउझरच्या सेटिंगमधून ते सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्यात) काढता येतात आणि कीपासएक्ससीमध्ये आणता येतात. त्या सीएसव्हीत सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, हे ध्यानात असू द्या. काम झालं की लगेच ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. ब्राउझरमधले पासवर्ड पुसा, 'पासवर्ड साठवू का' हे विचारणं बंद करा. मग एकेक खातं घेऊन पासवर्ड बदला. सगळ्यात आधी ईमेल, कारण बाकी प्रत्येक खात्याचा 'पासवर्ड विसरलो' त्याच्याकडेच जातो. त्यानंतर बँक, आयकर, जीएसटी. उरलेली खाती सावकाश, दिवसाला पाच केली तरी महिन्यात संपतात.

कीपासएक्ससीचं ब्राउझरमध्ये बसणारं एक्स्टेंशन जरूर घ्या. ते पासवर्ड भरण्यापूर्वी साइटचा पत्ता जुळवतं. के खालची ती बारीक खूण आपल्या डोळ्यांना दिसणार नाही, पण एक्स्टेंशनला तो पत्ता सरळ वेगळा वाटतो आणि ते गप्प बसतं. आमच्याकडे नियम आहे: पासवर्ड आपोआप आला नाही तर हाताने टाकायचा नाही, आधी पत्ता मोठ्याने वाचायचा.

एक गोष्ट मात्र खरी. कॉम्प्युटरमध्येच चोर शिरला असेल आणि तिजोरी उघडी असेल, तर कोणताही पासवर्ड मॅनेजर वाचवणार नाही. म्हणून पाच मिनिटं हात लागला नाही की आपोआप कुलूप, असं सेटिंग आम्ही ठेवलं आहे. आणि म्हणूनच हॅशचं एवढं लांबण मी आधी लावलं.

दुसरं कुलूप, ब्राउझर, फोन

ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. बँका एसएमएसनेच ओटीपी पाठवतात, तिथे इलाज नाही. पण जिथे ऑथेंटिकेटर ॲप चालतं तिथे तेच घ्या. अँड्रॉइडवर एजिस हे ओपन सोर्स ॲप आहे. दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलतात, नेटवर्क लागत नाही. बसवलं त्याच दिवशी त्याची कूटबद्ध बॅकअप फाइल काढून ठेवा, फोन हरवला की तीच उपयोगी पडते. हे आकडेही खोट्या साइटवर टाकले तर चोराच्या हाती जातात, तेव्हा पत्त्याचा नियम इथेही तोच.

ब्राउझर आम्ही फायरफॉक्स ठेवला आणि त्यावर रेमंड हिल यांचं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. फोनवरच्या फायरफॉक्समध्येही ते चालतं. लोक ते जाहिरातींच्या कटकटीपायी लावतात. मी लावलं कारण आमच्याकडे चोर जाहिरातीतूनच आला होता. नाव नीट बघून घ्या, 'ओरिजिन' हवंच.

फोनवर 'लग्नाची पत्रिका', 'वाहतूक चलन', 'पीएम किसान' अशा नावांची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर येते. आमच्या दिंडोरीकडच्या क्लायंटना अशा फाइली सतत येतात. पत्रिका कधीही एपीके नसते. फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा' ही परवानगी शोधा आणि व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या तिन्हींची बंद करा. एफ-ड्रॉइड हे ओपन सोर्स ॲप्सचं दुकान हवं असेल तर ते बसवताना ब्राउझरला ही परवानगी थोडा वेळ द्यावी लागते. झालं की काढून घ्या, आणि पुढे फक्त एफ-ड्रॉइडला राहू द्या.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल (आपली इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) लोक विचारतात. आमच्या कामाला त्याची गरज नाही. जो चालवतो त्याला आपली ये-जा दिसते, आणि तो कशावर पोट भरतो ते आपल्याला माहीत नसतं.

क्लायंटचे कागद

सिग्नल हे संदेशांचं ॲप आम्ही तिघी वापरतो आणि काही कारखानदारांनीही घेतलं आहे. त्यात संदेश ठराविक दिवसांनी आपोआप पुसायची सोय आहे. ती एक आठवड्यावर लावली की पॅनचे फोटो वर्षभर फोनमध्ये पडून राहत नाहीत. शेतकरी मात्र व्हॉट्सॲपवरच राहणार आणि मी त्यांच्यामागे लागत नाही. व्हॉट्सॲपचे संदेशही सिग्नलच्याच पद्धतीने कूटबद्ध होतात. ढिलाई राहते ती बॅकअपमध्ये, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एंड-टू-एंड कूटबद्ध बॅकअप चालू करा. आणि आधारची प्रत द्यायचीच असेल तर मास्क केलेली द्या. आधारच्या अधिकृत साइटवर ती मिळते, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे पूर्ण क्रमांक लागतो तिथे आम्ही समोर बसवून टाइप करून घेतो, झेरॉक्स ठेवत नाही.

कागद आमच्याकडे आले की व्हेराक्रिप्टच्या कप्प्यात जातात. हा म्हणजे कूटबद्ध डबा: पासवर्ड दिला की वेगळी ड्राइव्ह म्हणून दिसतो, बंद केला की आतलं काही वाचता येत नाही. संध्याकाळी ऑफिस बंद करताना दिवे, पंखा, मग कप्पा, असा क्रम आहे. एम. जी. रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला तेव्हा मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले.

चोरी झालीच तर लाजू नका, थांबू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. जितका वेळ जाईल तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. मी त्या आजोबांच्या वेळी दीड दिवस घालवला होता, कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून ईमेलचा पासवर्ड बदला, 'सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट' करा, आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलाय का तो बघा. माझ्याकडे लावलेला होता.

राहिली बॅकअपची गोष्ट. तिजोरीची फाइल आणि व्हेराक्रिप्टचा कप्पा, दोन्ही दोन पेनड्राइव्हवर. एक ऑफिसच्या कपाटात, दुसरा भावाकडे उपनगरला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन्ही नवे करते. नुसती फाइल उतरवून भागत नाही, ती उघडते का हे बघावं लागतं. म्हणून भावाच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावून सात शब्द टाइप करते आणि एखादी नोंद उघडून बघते. बाबा शेजारी बसलेले असतात. टाइप करायची वेळ आली की ते न सांगता उठून गॅलरीत जातात.